आधी शाकारणी, मग यादी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या वाड्याचा मागचा सोपा (मागची पडवी) रात्री दीड-दोनच्या सुमारास बसला. पडला म्हणत नाही, बसलाच म्हणतो, कारण आवाज असा फार झालाच नाही, आधी माती घसरल्यासारखी खसखस आणि मग एकदम धप्प. नशीब की त्या भागात कुणी झोपत नव्हतं. सकाळी सातला तिथं निम्मी पेठ गोळा झालेली, आणि नऊपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो, खाली "साताऱ्याचा आणखी एक वारसा हरपला", त्याच्या खाली बिल्डरांना शिव्या, त्याच्या खाली नगरपालिकेला शिव्या, आणि मग नेहमीची मागणी, जुन्या वाड्यांची यादी करा, हेरिटेज जाहीर करा, पाडायला बंदी घाला.

आता मी त्या वाड्यात लहानपणी आट्यापाट्या खेळलोय म्हणून सांगतो, तिथं बिल्डर कधी आलाच नाही हो. यायला तयार नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी माकडांनी मागच्या बाजूची कौलं फोडली (यवतेश्वराच्या बाजूनं येतात ती, आमच्या पेठेत सगळ्यांना माहितीयत, नावं ठेवलीयत पोरांनी), ती बसवायची कुणी यावर घरात एकमत होईना, म्हणून निळी ताडपत्री टाकली. ताडपत्री दोन उन्हाळ्यांत फाटली. मग तिच्यावर दुसरी. आणि त्या दोन ताडपत्र्यांच्या मधल्या फटीतून पाणी आत जात राहिलं, वर्षानुवर्षं, एकाच तुळईवर.

वाडा पाडला पावसानं. आणि पावसाला हेरिटेजची यादी वाचता येत नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण यादीवाल्या मित्रांशी माझं भांडण इथंच सुरू होतं. आपले साताऱ्याकडचे वाडे म्हणजे काय, जोत्यापर्यंत घडीव दगड, त्याच्यावर पांढऱ्या मातीची दोन-अडीच फूट जाड भिंत, कुठं विटा, आणि आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. मातीची भिंत कोरडी असली की दीडशे-दोनशे वर्षं उभी राहते, उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, काय विचारू नका. पण तिला पाणी वरून लागलं की संपलं. भिंतीत जिथं तुळईचं टोक रोवलेलं असतं तिथं ओल धरते, टोक कुजतं, मग वाळवी लागते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चौकात उभं राहून बघितलं तर खांबावरचं कोरीव काम तसंच, दिंडी दरवाज्याची पितळी फुलं तशीच. फोटोला उत्तम. आणि वर मरण बसलेलं.

त्यात आपण शहाणपण करतो. भिंतीचा पोपडा निघाला की गवंडी बोलावतो आणि तो बिचारा त्याला येतं तेच करतो, सिमेंटचं प्लास्टर. मातीची आणि चुन्याची भिंत श्वास घेते, आत गेलेली ओल हळूहळू बाहेर टाकते, वरून सिमेंटचं कवच चढवलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. दोन वर्षांनी प्लास्टर मोठ्या पापुद्र्यासारखं अख्खं सुटतं आणि जाताना निम्मी भिंत घेऊन जातं. चुना मळायची घाणी, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, हे आजोबांच्या बोलण्यात ऐकलेलं; आता चुन्याचं काम येणारा माणूस शोधायचा तर वाईकडं मेणवलीकडं चौकशी करावी लागते, तिथल्या नाना फडणवीसांच्या वाड्याचं आणि घाटांचं काही ना काही चालू असतं म्हणून. साताऱ्यात मला तरी सापडला नाही.

तर शाकारणी. हा शब्द आता पोरांना माहीत नाही. अक्षय तृतीयेच्या आगेमागे सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे बघायचे, कुजलेले बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा, कोने (आढ्यावरची कौलं) परत चुन्यात बसवायचे आणि मृगाच्या आधी छप्पर बंद. दर वर्षी. आजी सांगायची की घरात एक वेळ लग्न पुढं ढकलायचे पण शाकारणी नाही. वाडे दोनशे वर्षं टिकले ते काही आपल्या पूर्वजांनी अमर बांधकाम केलं म्हणून नाही, दर उन्हाळ्यात कुणीतरी छपरावर चढत होतं म्हणून टिकले. ते चढणं बंद झालं तिथून पुढं मोजून वीस-पंचवीस वर्षं.

चढणं बंद का झालं हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रॉपर्टी कार्डावर आहे. आमच्या मागच्या त्या वाड्याच्या कार्डावर अकरा नावं. त्यातले तीन वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही, एक आत्या इंदूरला, दोघं मुंबईत, एक जण कुणाशीच बोलत नाही. कौलं बसवायला पैसे काढायचे कुणी? जो राहतो तो म्हणतो मी एकट्यानं का, उद्या वाटणीला सगळे येणार. जे राहत नाहीत ते म्हणतात आम्ही कशाला, आम्ही कुठं राहतोय. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर सुटत नाही.

सातारकर म्हणून मला यात एक गंमत दिसते. १८४८ साली छत्रपती अप्पासाहेब महाराज गेल्यावर इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला आणि वारस नाही म्हणून साताऱ्याचं राज्य खालसा केलं. वारस नव्हता म्हणून राज्य गेलं, आणि आता वारस फार झालेत म्हणून वाडे चाललेत. तेव्हाच्या गव्हर्नर जनरल डलहौसीला एवढी अक्कल नव्हती, नाहीतर सगळ्यांची नावं लावून दिली असती आणि नुसता बसून राहिला असता.

मग भाडेकरू. पुढच्या दोन खोल्यांत दुकान, मागं दोन बिऱ्हाडं, भाडं चाळीस रुपये, पन्नास रुपये. १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठवलेली ही भाडी, पुढं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला त्यानं दर वर्षी ४ टक्के वाढ करायला परवानगी दिली. आता चाळीस रुपयांचे चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. एवढ्यात एक कौलही येत नाही. कायदा म्हणतो दुरुस्ती मालकानं करावी. मालक म्हणतो कशातनं करू. आणि भाडेकरूला वाटतं की मालकाला दुरुस्ती नकोच आहे, पडू देतोय मुद्दाम म्हणजे आपण निघू, आणि हे काही ठिकाणी खरंही आहे, उगाच का खोटं बोला. भाडेकरूला दोष देऊन मी मोकळा होणार नाही, पन्नास वर्षं राहिलेला माणूस जाईल कुठं, साताऱ्यात आज दोन खोल्यांचं भाडं काय आहे ते बघा.

या सगळ्यावर आपण उपाय म्हणून काय मागतोय, तर यादी. पहिली श्रेणी, दुसरी अ, दुसरी ब, तिसरी. मुंबईत १९९५ पासून ही पद्धत आहे, फोर्ट भागात तिचा उपयोग झालाय, मान्य. पण फोर्टात त्या इमारतींचे मालक बँका, कंपन्या, ट्रस्ट, सरकार. आमच्या पेठेत मालक कोण, तर निवृत्त शिक्षिका असलेली एक काकू आणि तिचा अंथरुणाला खिळलेला दीर. त्या काकूंच्या घराला तुम्ही श्रेणी दिलीत म्हणजे नक्की काय दिलंत? उद्या खिडकी बदलायची तर परवानगी, पत्रा टाकायचा तर परवानगी, विकायला गेलं तर घेणारा निम्म्या किमतीत मागणार कारण पाडता येत नाही. आणि गळती? गळती तशीच. म्हणजे शहराला अभिमान मिळाला आणि बिल काकूंच्या नावावर.

वाचवायच्या नियमानं वाडे कसे मरतात ते पुण्यात बघा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते, ही २०१० ची कायद्यातली दुरुस्ती. हेतू चांगला. पण शनिवारवाड्याभोवतीच्या त्या शंभर मीटरमध्ये जुने वाडे किती अडकलेत, ना नीट उभे राहत ना नवं बांधता येत, दुरुस्तीला परवानगी मिळते पण तिच्यासाठी कागद घेऊन फिरायचं आणि त्यात भाऊबंदकी. शनिवारवाडा पुरातत्त्व खातं सांभाळतंय, आणि ज्या पेठेमुळं शनिवारवाड्याला अर्थ होता तिथं लोक भिंतीला टेकू लावून राहतायत.

कुणी म्हणेल टीडीआर आहे ना. हेरिटेज घर पाडायचं नाही, त्याच्या बदल्यात न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायचा. अहमदाबादला २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, तिथल्या पोळांमधल्या (जुन्या गल्ल्यांच्या वस्त्या) जुन्या घरांना हा टीडीआर देतात आणि काही मालकांनी त्या पैशातनं घरं नीट केलीयत. छान आहे. पण टीडीआर म्हणजे चलनी नोट नाही, घेणारा असेल तर त्याला किंमत. अहमदाबादला, पुण्याला उंच बांधायला आसुसलेले बिल्डर रांगेत आहेत. साताऱ्यात नवी बांधकामं कुठं चाललीयत, तर शाहूपुरी, गोडोली, कोडोली, हायवेच्या कडेनं, तिथं मोकळी जमीनच अजून मिळते तर काकूंचा टीडीआर विकत घेणार कोण? कागदावरचा हक्क घेऊन छपरावर चढता येत नाही.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. नगरपालिकेनं हेरिटेजच्या नावानं पहिला रुपया खर्च करायचा तर तो छपरावर करावा. यादी, श्रेणी, फलक, हेरिटेज वॉक, दिव्यांची रोषणाई, सेल्फी पॉइंट, हे सगळं त्याच्यानंतर. एप्रिल-मे दोन महिने कौलाच्या कामाची दोन-तीन पथकं पालिकेनं ठेवायची, सुतार आणि कौलवाले मिळून, पेठवार फिरायची, आणि पन्नास-साठ वर्षांपेक्षा जुन्या कौलारू घराची शाकारणी करून द्यायची, निम्मा खर्च पालिकेचा, निम्मा राहणाऱ्याचा. सोबत एक साधी गोष्ट, कौलांचा साठा. शहरात एखादं जुनं घर पाडलं जातं तेव्हा सागवान लगेच जातं, त्याला गिऱ्हाईक दारात उभं असतं, पण कौलं ट्रॅक्टरमधनं भराव म्हणून फेकली जातात. ती पालिकेच्या एखाद्या मोकळ्या आवारात रचून ठेवा. आज जुन्या मापाचं कौल मिळत नाही म्हणून लोक निम्मं छप्पर काढून पत्रा टाकतात, आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये एक दुपार काढून बघा म्हणजे लोक वाडा सोडून का जातात ते कळेल.

आणि मुख्य म्हणजे सगळ्या वारसांच्या सह्या मागू नका. मी स्वतः एकदा एका कार्यालयात गेलो होतो, मागची भिंत टेकू देऊन दुरुस्त करायची होती, तिथं मला सांगितलं कार्डावरच्या सगळ्यांचं संमतीपत्र आणा, नोटरी करून. अहो, सगळ्यांची संमती मिळाली असती तर भिंत एवढी वाईट झाली असती का? दुरुस्तीनं मालकी बदलत नाही, कुणाचा हिस्सा कमी होत नाही. जो राहतो त्याच्या एका अर्जावर गळती थांबवायला परवानगी मिळाली पाहिजे. बदल्यात शहरानं काहीतरी मागावं, जरूर मागावं. अनुदान घेतलं की दहा वर्षं रस्त्याकडची बाजू, ओटा, दिंडी, सज्जा बदलायचा नाही. त्याची नोंद कार्डावर बोजा म्हणून चढवा, जशी सोसायटीच्या कर्जाची चढते. दहा वर्षांच्या आत पाडलं तर पैसे व्याजासकट परत. ही भाषा आमच्या लोकांना बरोबर कळते, बोजा म्हटलं की सगळे भाऊ जागे होतात.

खासगी घरावर लोकांचा पैसा का, हे मला हमखास विचारतात, आणि विचारणारा बहुतेक फ्लॅटमध्ये राहणारा असतो. बरोबर आहे प्रश्न. पण तुम्ही त्या घराकडं बोट दाखवून "आमचा वारसा" म्हणता तेव्हा ते खासगी नसतं, आणि कौल बसवायचं आलं की खासगी होतं, असं कसं चालेल? आमचा असेल तर आमच्या खिशातून थोडं जाऊ दे. नसेल तर काकूंना विकू दे, बारा फ्लॅट होऊ देत, आणि मग रडू नका.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला आणि तो मला जास्त लागला. पुण्याहून एक अभ्यासक मंडळी आमचा वाडा बघायला आली होती (वाडा म्हणजे कौतुकानं, आमचा आपला चार खणी, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण), चौक, तुळशीवृंदावन, देवळ्या, सगळ्याचे फोटो काढले, हे जपलं पाहिजे म्हणाले. ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, त्यास्नी चौक आवडला. दिवसातनं दोनदा झाडतीय कोण? रात्री आत्यांना धरून अंगण ओलांडून संडासला नेतीय कोण? हे बी लिवा की तुमच्या लेखात." लिहिलं वहिनी. हे खरंच आहे की वाड्याचं प्रेम करणारे आम्ही पुरुष ओसरीवर बसून करतो. उभा जिना, अंधारं माजघर, मागं लांब मोरी, चुलत्यांच्या डोळ्यांसमोरून सतत जा-ये. म्हणून आत काय बदलायचं ते राहणाऱ्याला ठरवू द्या. संडास आत आणू द्या, स्वयंपाकाचा ओटा करू द्या, जिन्याला कठडा लावू द्या. संरक्षणाच्या नियमात घराचं आतलं गोठवलं की पहिली बाई घर सोडते, आणि बाई गेली की वर्षभरात घर बंद होतं. बंद घराची शाकारणी कोण करणार.

अजून एक गोष्ट, यादी करायचीच वेळ आली तर कुणाची घरं धरणार हेही आत्ताच बोलून घेऊ. ऐतिहासिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरदारांचे वाडे येतात. पण थोरल्या शाहू महाराजांनी (शिवाजी महाराजांचे नातू) अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वसवलं ते नुसतं सरदारांचं नव्हतं, पेठा होत्या, कारागीर होते, यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळानं उतारावरनं पाणी आणून पेठांमधल्या हौदांत सोडलेलं होतं, आणि त्या हौदावर अवलंबून असलेली साधी दोन खणी घरं होती. घर, गल्ली आणि हौद ही एकच वस्तू आहे, त्यातला एक देखणा दरवाजा उचलून त्याला ताम्रपट दिला तर बाकीचं गेलं. आणि ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव इथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरला लागलं, १९१४ नंबरला, ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, राजवाड्यातलं. त्या नोंदीमुळं आज राज्यभर विद्यार्थी दिन साजरा होतो. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात ज्या वस्तीत गेलं तिथली घरं काही वाडे नव्हते. ती घरं ऐतिहासिक नाहीत असं म्हणायची कुणाची छाती आहे? पण शिल्पकामाच्या निकषावर श्रेणी लावली तर ती कुठल्याच खान्यात बसणार नाहीत. छपराचं तसं नसतं. गळतं की नाही गळत, एवढंच बघायचं, जात-पात, सरदार-शेतकरी काही नाही.

आणि जे सरकारच्याच ताब्यात आहे त्याचं काय, हेही लोक विचारतात, राजवाडा चौपाटीवर पावभाजी खाता खाता मान वर करून बघितलं की. नव्या राजवाड्यात कितीतरी वर्षं कोर्ट चालायचं, माझ्या वडिलांनी तिथं तारखा घातल्यात. तोपर्यंत रोज माणसांची वर्दळ होती, खिडक्या उघडल्या जायच्या, कुठं गळलं तर कारकून फायली हलवायचा तरी आणि ओरडायचा तरी. मोठी इमारत असो की दोन खण, वापरात असलेलं घर स्वतःची तक्रार स्वतः करतं. याच्यावर जास्त लिहीत नाही, त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

शेजारीच बघा, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झालं, त्या अधिसूचनेत निसर्गाबरोबर माणसानं बांधलेला वारसाही धरलाय. कासच्या फुलांच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशात जागा मिळाली. जिल्ह्याला संरक्षण या शब्दाची सवय आहे. पण कासला कुंपण घाला नाहीतर काढा, यावर जेवढी वर्षं वाद झाले त्याच्या दहावा हिस्सा चर्चा जरी कौलांवर झाली असती ना.

आमचं सांगतो आणि थांबतो. यंदा मी शुक्रवार पेठेत एक घर पाडत होते तिथं जाऊन तीनशे कौलं उचलून आणली, टेम्पोचं भाडं धरून कौलाला सहा रुपये पडले. चौकात तुळशीशेजारी रचून ठेवलीयत. कौलवाला सत्तरीचा आहे, त्याचा मुलगा पेंटिंगची कामं घेतो, छपरावर चढत नाही, म्हणून म्हाताऱ्याची वाट बघतोय, अक्षय तृतीया झाल्यावर येतो म्हणालाय. एकूण खर्च ४० हजारांच्या घरात जाईल. हिस्सेदार आम्ही पाच. मुंबईच्या चुलत भावाला फोन केला तर त्यानं पहिलं विचारलं, "पाडायचं कधी ठरलं?" मी म्हटलं, पाडायचं नंतर बघू, आठ हजार पाठव. काल तीन आले.